गाठ रज्जूच्या आत नाही, आवरणाच्या आत आहे
देवगडच्या मावशींच्या रिपोर्टात ‘इंट्राड्युरल एक्स्ट्रामेड्युलरी’ लिहिलंय, म्हणजे गाठ मज्जारज्जूच्या (पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या दोराच्या) आत, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. तसं नाही हो. ती ड्युरा या रज्जूभोवतीच्या आवरणाच्या आत, पण रज्जूच्या बाहेर आहे. बहुधा मेनिन्जिओमा (आवरणातून उगवणारी गाठ) किंवा श्वानोमा (नसेच्या वेष्टणातून उगवणारी गाठ). एमआरआयच्या टी२ फिल्मवर (यात पाणी पांढरं दिसतं) गाठीलगतची, रज्जूभोवतीच्या पाण्याची पांढरी पट्टी रुंदावते, रज्जू पलीकडे ढकललेला दिसतो. लॅमिनेक्टमी करून (मणक्याचं मागचं हाड काढून) ड्युरा उघडतात, गाठ सोडवतात, ड्युरा घट्ट शिवतात. टाका सैल राहिला तर ते पाणी गळून मेनिन्जायटिसची (मेंदू-रज्जूच्या आवरणांना संसर्ग होण्याची) भीती. रज्जूच्या आतल्या गाठीला मात्र रज्जूच चिरावा लागतो, जोखीम बरीच जास्त. कोल्हापूरला किंवा गोव्याला सर्जनला दाखवायला जाताना नुसता कागद नको, काँट्रास्ट एमआरआयची (शिरेत औषध देऊन काढलेल्या) सीडी न्या. आणि लघवी अडली किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच रात्री निघा.