परसात हाताएवढे पिवळे-काळे कोळी: ही परदेशी जात आहे का? फवारणी करावी का?

प्रश्न (गुहागर तालुका)
पाऊस ओसरल्यापासून वाडीत घराघरांभोवती मोठे कोळी दिसतायत. काळं अंग, पिवळे पट्टे, पाय धरून तळहात भरेल एवढे. पोफळीपासून विजेच्या खांबापर्यंत सोनेरी जाळी. अमेरिकेत वस्त्यांमध्ये पसरलेल्या जोरो कोळ्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतायत, आणि 'तोच इथे आला' म्हणून फवारणीसाठी वर्गणी काढायचं चाललंय. रात्री घरात एक तपकिरी, चपटा, जाळं न विणणारा कोळीही फिरतो. दोन्ही एकच का?

वईकाठी:
वर्गणी थांबवा. बाहेरचा तो नेफिला पिलिपेस, म्हणजे जायंट वुड स्पायडर. इथलाच आहे. मादीचं धड ३ ते ५ सेंमी; त्याच जाळ्यात बसलेला नर जेमतेम ५-६ मिमी. पाऊसभर लहान असतो तोवर कुणाच्या नजरेत येत नाही. पाऊस सरता सरता माद्या पुऱ्या वाढतात आणि एकदम आल्यासारख्या वाटतात. जाळ्यात बारीक चंदेरी कोळी दिसले तर ती पिल्लं समजू नका. ती दुसरीच जात, तिच्या जाळ्यातलं भक्ष्य चोरून खाणारी.

जोरो हा जपान, कोरिया, चीन आणि हिमालयाच्या पट्ट्यातला. जॉर्जिया राज्यात तो २०१४ च्या सुमारास सापडला, बहुधा कंटेनरमधून गेलेला. एका कोषात शेकडो अंडी, पिल्लं धागा सोडून वाऱ्यावर उडतात, शिवाय गाड्या आणि नर्सरीची रोपं त्याला लांब नेतात. म्हणून तो तिथे पसरला. ओळख पाठीवरून आणि पोटावरून करा. जोरोच्या पाठीवर निळसर-करडे आडवे पट्टे आणि पोटाखाली लाल डाग. आपल्याकडच्या पाठीवर पिवळे पट्टे उभे असतात.

माजघर:
घरातला वेगळा, हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. झुरळं खातो. मादी अंड्यांची चपटी गोल पिशवी पोटाखाली धरून फिरते, तेव्हा केरसुणीने झोडू नका. पिशवी फुटली तर पिल्लं घरभर होतात. रुंद तोंडाची बरणी भिंतीवर उपडी घाला, पाय आत येईपर्यंत थांबा, मग खालून पुठ्ठा सरकवा. घाई केली की पाय तुटतात. मालाबरोबर जगभर पसरलेला कोळी हवाच असेल तर तो हा, आणि तो आशियातूनच बाहेर गेलाय.

पडवीतला पांढरा दिवा बदलून पिवळा लावा, गरज नसताना बंद ठेवा. किडे कमी आले की कोळीही कमी.

पाखाडी:
वाटेवरचं जाळं हलवायचं असेल तर चिव्याची ५-६ फुटी काठी आणि एक बादली घ्या. सगळ्यात वरचा जाड धागा शेवटपर्यंत ठेवा. आधी खालचे, मग बाजूचे धागे तोडा, काठीचं टोक जाळ्याच्या मध्यामागे नेऊन दोन वेढे द्या, आणि शेवटी वरचा धागा सोडवा. कोळी धागा सोडून खाली उतरला तर बादलीत येतो. गडग्यापलीकडे, माणसांची ये-जा नसेल अशा झाडीत ठेवा. जाळं डोक्याच्या उंचीलाच अडत असेल तर फक्त खालचे धागे तोडले तरी पुरतं. नुसतं जाळं मोडून कोळी तिथेच ठेवला, तर तो पुन्हा तिथेच विणणार.

अंडी झाडावर शोधू नका. बाहेरच्या या कोळ्याची मादी ती जमिनीत पाल्याखाली घालते.

फवारणीला माझा ठाम विरोध. सायपरमेथ्रीनसारखी औषधं मासे आणि मधमाश्यांना अतिशय विषारी, आणि आपल्याकडे विहीर अंगणातच असते. थोड्या दिवसांत कलमं मोहरतील, तेव्हा माश्या लागणारच.

वईकाठी:
चावण्याबद्दल राहिलं. यातला कुठलाही आपणहून अंगावर येत नाही. हातात दाबला गेला तर चावतो. साबण-पाण्याने धुवा, गार फडकं ठेवा. चुना लावू नका, चिरा देऊ नका. पण अंधारात काहीतरी चावलं, घाम सुटला, हातपाय गार पडले, तर कोळी समजून घरी बसू नका. लाल विंचू असू शकतो, लगेच आरोग्य केंद्र गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचवाच्या या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. तो वेळेत मिळाला पाहिजे. गडगा साफ करताना गमबूट घालाच, तिथे फुरसं असतं.

शंका उरली तर दोन फोटो टाका, एक पाठीचा, एक पोटाकडून. मागे पट्टी धरलीत तर माप कळेल.