गिनेसचा गोडबोले : अभिनय की रंगरंगोटी?

तिसरी घंटा : एका पोस्टीत ब्रिटिश नट ॲलेक गिनेसला ‘रंगभूषेच्या जिवावर मोठा झालेला नट’ ठरवलंय. पुरावा काय, तर ‘अ पॅसेज टू इंडिया’ या सिनेमात (१९८४) रंग फासून केलेला भारतीय प्राध्यापक गोडबोले. गोडबोले फसला, कबूल. पण म्हणून सगळी कारकीर्द मोडीत? बीबीसीच्या १९७९च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ मालिकेतला त्याचा गुप्तहेर स्मायली बघा. चष्मा, ओव्हरकोट, बस्स. समोरच्याला बोलू देतो, स्वतः हूं की चूं करत नाही, आणि प्रसंग खिशात घालतो.

निळी विंग : पोस्ट बरोबरच आहे. १९४८च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला गिनेसचा फॅगिन आठवा, चोरट्या पोरांचा ज्यू म्होरक्या. मूळ कादंबरीतल्या क्रुकशँकच्या चित्रांवरून बेतलेलं ते लांबलचक नाक! ज्यूद्वेषाच्या आरोपामुळे अमेरिकेत सिनेमा १९५१पर्यंत अडकला, तोही काटछाट होऊन लागला. तरी धडा घेतला नाही.

घारे डोळे : सिनेमा ज्यावर बेतलाय त्या ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीतला गोडबोले युरोपियनासारखा गोरा आहे, डोळे करडे-निळे. गिनेसला तपकिरी रंग फासायची गरजच नव्हती!

निळी विंग : प्रश्न रंगाचा नाहीच हो. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ चालतात, मग गोडबोलेच तेवढा साहेब का? दोनच वर्षांपूर्वी ‘गांधी’त डॉ. लागूंनी गोखले केले होते. माणूस समोर होता.

रीळवाला : रंगभूषेवर एवढं बोलताय, तर १९४९च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मधल्या गिनेसच्या आठ भूमिका कुठे गेल्या? चर्चमध्ये एका चौकटीत सहा गिनेस आहेत. कॅमेरा जमिनीला जखडला, भिंगापुढे झाकणं लावून एकच भाग उघडा ठेवला, तेवढं टिपलं, फिल्म मागे गुंडाळली, पुढचा वेश, पुन्हा तेच. कॅमेरा केसभर हलला की सगळं मुसळ केरात. म्हणून छायालेखक डग्लस स्लोकोम्ब रात्री स्टुडिओतच झोपला.

निळी विंग : मग श्रेय स्लोकोम्बचं! गिनेसचं काय त्यात?

रीळवाला : असं कसं बोलता? शेजारी कोणी नसताना नजर नेमकी कुठे ठेवायची, मान किती वळवायची, हे कॅमेरा करतो का? हात झाकणाच्या रेषेपलीकडे गेला तर पडद्यावर तो कापलेला दिसतो. आधी चौकट नीट बघा, मग बोला.

निळी विंग : बरं, ते दिलं. गोडबोलेचं उत्तर अजून आलेलं नाही.

घारे डोळे : उत्तर कापाकापीत आहे. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोकुळाष्टमीला गोडबोले तुकारामाच्या नावाचा गजर करतो. फॉर्स्टर १९२१मध्ये देवासला तुकोजीराव पवारांच्या पदरी होता, तिथला उत्सव बघूनच ते आलंय. सिनेमाचा दिग्दर्शक डेव्हिड लीनने तो उत्सवच गाळला. वर गिनेसचं चित्रित झालेलं नृत्यही कात्रीत गेलं, आणि तो भयंकर चिडला. उरलं काय, तर पगडी आणि गूढ चेहरा.

निळी विंग : कापलं लीनने, पण भूमिकेला होकार गिनेसचाच ना? सहावा सिनेमा होता दोघांचा, माणूस अनोळखी नव्हता.