गच्चीवरच्या कुंड्यांसाठी गोड नारिंगी टोमॅटोचे कोणते वाण निवडावे?

गच्चीवरची बाग (पुणे):
नमस्कार. आमच्या गच्चीवर दुपारी तीनपर्यंत चांगले ऊन असते आणि तेथे वीस लिटरच्या ग्रो बॅगांमध्ये मी दरवर्षी लाल टोमॅटो घेते. यंदा मुलांना झाडावरून तोडून तसेच खाता येतील असे गोड, नारिंगी टोमॅटो लावायचे आहेत. बियाण्यांच्या यादीत सनगोल्ड, केलॉग्ज ब्रेकफास्ट आणि अमाना ऑरेंज ही नावे दिसली. यांपैकी पुण्याच्या हवेत कोणता वाण भरवशाचा ठरेल, बी केव्हा पेरावे आणि फळातले बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येईल का?

मळेवाला (नाशिक):
ताई, गोडी हाच निकष असेल तर निःसंशय सनगोल्ड लावावा. हा जपानच्या तोकिता कंपनीने तयार केलेला चेरी टोमॅटोचा संकरित वाण आहे. फळ सुपारीपेक्षा थोडे मोठे असते, पण गोडीसोबत पुरेसा आंबटपणा असल्यामुळे चव नुसती साखरेसारखी सपक लागत नाही. मात्र फळ पिवळसर दिसताच तोडण्याची घाई करू नये. देठाजवळचा भागही गडद नारिंगी झाल्यावरच त्याची खरी चव उतरते.

त्याचा एक दोष मान्य करायला हवा. साल पातळ असल्याने, माती कोरडी पडल्यावर एकदम भरपूर पाणी मिळाले की पिकत आलेली फळे देठाकडून तडकतात. म्हणून पाणी रोज ठरावीक वेळी द्यावे, वर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे आणि अवकाळी पावसाची चिन्हे दिसताच पिकत आलेली फळे आधीच उतरवून घ्यावीत. झाड माणसाच्या उंचीच्याही वर जाते, तेव्हा मजबूत आधार बांधून बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे कोंब) वेळच्या वेळी काढाव्यात.

पानफूल (कोल्हापूर):
वरील मताशी मी सहमत आहे. अमाना ऑरेंज आणि केलॉग्ज ब्रेकफास्ट हे अमेरिकेतील जुने, मोठ्या फळांचे वाण आहेत आणि त्यांची अर्धा किलोच्या आसपास भरणारी मांसल फळे कापून खाण्यासाठी सुरेख असतात. पण त्यांना पिकायला बराच अधिक काळ लागतो आणि वीस लिटरची बॅग अपुरी पडते. शिवाय रात्रीचे तापमान १३ अंशांच्या खाली गेले किंवा दिवसाचे ३५ अंशांच्या वर चढले की टोमॅटोची फळधारणा मंदावते, आणि मोठ्या फळांच्या वाणांना हा फटका अधिक बसतो. पुण्यात जानेवारीतल्या रात्री आणि एप्रिलमधल्या दुपारी या दोन्ही टोकांना जातात. त्यामुळे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी पेरून साधारण महिन्याभराने रोपे बॅगेत लावल्यास सनगोल्ड डिसेंबरच्या सुमारास तोडणीला येईल. रोपे लहान असताना ती बारीक जाळीखाली ठेवावीत, कारण पांढऱ्या माशीमुळे पर्णगुच्छ (पाने आकसवणारा विषाणूजन्य) रोग एकदा शिरला की त्यावर उपाय उरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कडक उन्हाळ्यात लाल वाणांची फळेही नारिंगी दिसू लागतात, कारण तापमान तिशीच्या वर राहिल्यास लाल रंग देणारे लायकोपीन नीट तयार होत नाही, तर नारिंगी रंग देणारे कॅरोटीन मात्र तयार होत राहते. अशा फळाचे बी ‘नारिंगी वाणाचे’ म्हणून कोणाकडून घेऊ नये.

मळेवाला (नाशिक):
बी ठेवण्याबद्दलचे उत्तर राहून गेले होते. सनगोल्ड संकरित असल्याने त्याच्या बियांपासून आलेली झाडे एकसारखी नसतात आणि चवही बदलते; त्याचे बी दरवर्षी नव्याने घ्यावे. अमाना ऑरेंज आणि केलॉग्ज ब्रेकफास्ट हे सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण असल्यामुळे त्यांचे बी ठेवता येते.

गच्चीवरची बाग (पुणे):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार बॅगांमध्ये सनगोल्ड आणि एका मोठ्या पिंपात अमाना ऑरेंज लावण्याचे ठरवले आहे. जाळीची व्यवस्था पेरणीपूर्वीच करते.