जुन्या सदनिकेचे नूतनीकरण : तीन दरपत्रके आणि सात लाखांची मर्यादा

प्रश्न — सिंहगडरोडकर

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची दोन बेडरूमची सदनिका आहे. कार्पेट क्षेत्र ६२० चौरस फूट, इमारत १९९१ साली पूर्ण झालेली, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. सासूबाई आता कायमच्या आमच्याकडे राहायला येणार असल्यामुळे दोन्ही न्हाणीघरे नव्याने करावी लागतील, आणि ती फोडायचीच आहेत तर ओटा, वायरिंग, फरशी व रंग ही कामेही त्याबरोबर उरकून घ्यावीत असा विचार आहे. हाताशी सात लाख रुपये आहेत आणि यासाठी कर्ज काढायचे नाही, हे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

तीन कंत्राटदारांनी घर पाहून दर दिले. पहिल्याने ९,४०,००० रुपये सांगितले. सोबत संगणकावर काढलेली देखणी चित्रे आहेत, परंतु कोणत्या कामाला किती रक्कम धरली आहे ते कुठेच लिहिलेले नाही. दुसऱ्याने चौरस फुटाला १,१५० रुपये 'सगळे धरून' असा दर दिला, म्हणजे ७,१३,००० रुपये झाले. त्याला निम्मी रक्कम उचल म्हणून हवी आहे. तिसरा केवळ मजुरीचे २,६०,००० रुपये मागतो आणि माल आम्ही आणावा असे म्हणतो. या तिघांची तुलना करायची तरी कशी? आणि सात लाखांत बसवायचे झाल्यास कोणते काम वगळावे, कोणते वगळू नये?

उत्तर — ओळंबा

मी स्थापत्य अभियंता होतो, आता निवृत्त आहे. आपल्या प्रश्नातील तीन आकड्यांची तुलना होऊच शकत नाही, कारण ती तीन वेगवेगळ्या कामांची दरपत्रके आहेत. चौरस फुटाचा दर नवे घर बांधताना ढोबळ अंदाजापुरता चालतो. दुरुस्तीत मात्र निम्म्याहून अधिक पैसा न्हाणीघरे, ओट्यामागची भिंत आणि वायरिंग एवढ्याच ठिकाणी जातो, तेव्हा त्याला कार्पेट क्षेत्राने गुणून काहीच कळत नाही. कामांची यादी आपण स्वतः तयार करा आणि तीच यादी तिघांना देऊन प्रत्येक ओळीसमोर दर मागा. जो कंत्राटदार ओळवार दर द्यायला तयार नसेल, त्याचा एकूण आकडा कितीही कमी असला तरी पुढे 'हे त्यात धरले नव्हते' हे वाक्य वारंवार ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.

यादी करताना मोजण्याची रीतही लिहून घ्यावी. रंगाचे उदाहरण घ्या. अनेक रंगारी कार्पेट क्षेत्राला साडेतीनने गुणून भिंती व छत यांचे क्षेत्र सांगतात. आपल्या घराला तो हिशेब २,१७० चौरस फूट होतो. टेप लावून मोजले आणि दारे-खिडक्या वजा केल्या, तर तो आकडा बराच खाली येऊ शकतो. कपाटांचे तसेच. सुतार समोरची उंची गुणिले रुंदी असे मोजतो, पण आतले खण, ड्रॉवर, बिजागऱ्या व ड्रॉवर सरकण्याचे चॅनेल त्या दरात आहेत की वेगळे, हे आधी विचारले नाही तर नंतर वादाला तोंड फुटते. राडारोडा खाली उतरवून वाहून नेण्याचा खर्चही यादीत स्वतंत्र ओळ म्हणून हवा. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून फुटक्या फरशीची पोती खाली आणायची म्हणजे ती रक्कम किरकोळ नसते.

आता काय वगळू नये ते सांगतो. जे भिंतीच्या किंवा फरशीच्या आत जाते, त्यात काटकसर करू नका. त्या काळच्या इमारतींमध्ये बहुधा जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतात आणि ते आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. न्हाणीघर फोडलेच आहे तर गरम पाण्याला सीपीव्हीसी म्हणजे उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप टाकून घ्या, आणि टाइल बसवण्यापूर्वी पाइपांमध्ये दाबाने पाणी भरून सांधे तपासायला सांगा. वायरिंगमध्ये दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि गीझर किंवा एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असावी. वितरण पेटीत तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, हवाच, कारण विजेचा धक्का बसल्यास तोच पुरवठा तोडतो. जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडणाऱ्या एमसीबीचे ते काम नाही. एसी वाढवणार असाल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, तो अर्ज लवकर करा.

दोन गोष्टी खर्च करण्यापूर्वी पाहाव्यात. पहिली म्हणजे सोसायटीचा पुनर्विकासाचा विचार कितपत पुढे गेला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर तीन वर्षांनी व्हायला हवे. तो अहवाल समितीकडे मागा. चार-पाच वर्षांत इमारत पाडली जाणार असेल, तर सात लाखांऐवजी तीन लाखांत न्हाणीघरे आणि वायरिंग एवढेच करून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी म्हणजे तुळई अथवा खांब यांना छिन्नी लागता कामा नये. वायरची नळी सरळ नेण्यासाठी खांबात खाच मारणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. लोखंड उघडे पडले की गंजायला किती वेळ लागतो, हे त्यांना पाहावे लागत नाही.

उत्तर — ठाण्याची गृहिणी

ताई, आम्ही गेल्या वर्षी ठाण्यातले जुने घर याच पद्धतीने करून घेतले. माझा अनुभव असा, की न्हाणीघरे मालासकट एकाच कंत्राटदाराकडे द्यावीत आणि फरशी, रंग व दिवे यांचा माल आपण आणून फक्त मजुरी द्यावी. न्हाणीघरात गळती झाली तर पाइपवाला गवंड्याकडे बोट दाखवतो आणि गवंडी जलरोधक रसायनाकडे. तिथे जबाबदारी एकाच माणसावर असलेली बरी. फरशीचा माल मात्र आपण सहज मोजू शकतो. दोन बाय दोनच्या टाइलच्या खोक्यात बहुतेक चार नग येतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. समजा पाचशे चौरस फूट फरशी बदलायची आहे, तर तूटफूट व कापाकापी धरून पस्तीस खोकी पुरतात. सगळी खोक्यांवरच्या एकाच बॅच क्रमांकाची पाहून घ्या आणि उरलेला एखादा खोका परत न करता माळ्यावर ठेवा, कारण दोन वर्षांनी तीच छटा मिळत नाही.

पण त्याआधी एक विचारते : तुमच्याकडे जुनी मोझॅक फरशी आहे का? असेल तर ती फोडण्याआधी पॉलिशवाल्याला एकदा बोलवा. यंत्राने तीन-चार वेळा घासून पॉलिश केलेली मोझॅक इतकी स्वच्छ निघते की आमच्याकडे येणारे लोक नवी फरशी समजतात. खर्च नव्या फरशीच्या एका छोट्या हिश्शाएवढा येतो, राडारोडा निघत नाही आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या डोक्याला हातोड्याचा ताप होत नाही. घासताना पांढरा चिखल मात्र सगळीकडे उडतो, तेव्हा हे काम रंगाच्या आधीच उरकावे. जुन्या फरशीवर चिकटद्रव्याने नवी टाइल बसवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्यात सगळे दरवाजे खालून तासावे लागतात आणि स्लॅबवर वजन वाढते, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

सागवानी चौकटी व दरवाजे असतील तर तेही काढू नका. घासून पॉलिश केलेल्या जुन्या सागवानाची सर आजच्या तयार दरवाजांना येत नाही. ओट्याखालच्या कपाटांना मात्र पाणी सोसणारे, आय.एस. ७१० शिक्क्याचे प्लायवूडच वापरा, आय.एस. ३०३चे साधे प्लाय बैठकीच्या खोलीत चालेल, सिंकखाली चालणार नाही. आमच्या शेजारी सिंकखालची फळी दुसऱ्याच पावसाळ्यात पापडासारखी फुगली. प्लायचा शिक्का फळी कापण्याआधी स्वतः वाचावा, कारण एकदा वर सनमायका चिकटला की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

उत्तर — कंत्राटदार

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, परंतु आमची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. मी लहान कंत्राटदार आहे. माझ्याकडे चार गवंडी आणि दोन प्लंबर कायम असतात, बाकीचे लोक कामापुरते बोलावतो. आम्ही ओळवार दर द्यायला कचरतो याचे कारण लबाडीच असते असे नाही. यादी घेऊन ती दुसऱ्या कंत्राटदाराला दाखवायची आणि त्याच्याकडून प्रत्येक ओळीवर दहा टक्के कमी करून घ्यायचे, ही ग्राहकांची रीत आम्हालाही ठाऊक आहे. शिवाय भिंत फोडेपर्यंत आत काय निघेल हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी दरपत्रकातच 'फोडल्यानंतर आढळलेली कामे या दराने' अशी ओळ ठेवली, तर दोघांचेही भांडण वाचते. गिलावा चौरस फुटाला किती, नवा पाइप फुटाला किती, एवढे आधी ठरले की पुरे.

खर्च वाढतो तो बहुधा मधेच बदललेल्या मनामुळे. ओटा बसला आणि मग गॅसची जागा डावीकडे हवी असे लक्षात आले, तर ग्रॅनाइट, पाइप आणि प्लग तिन्ही पुन्हा करावे लागतात, आणि त्याचे पैसे मागितले की कंत्राटदार लुबाडतो असे म्हटले जाते. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी खडूने भिंतीवर प्रत्येक प्लग, नळ आणि गीझर यांची जागा आखून घ्या. सासूबाईंसाठी कमोडच्या बाजूच्या भिंतीत धरायचा दांडा लागेल; तो कुठे येणार हे टाइल लावण्यापूर्वी सांगितले, तर त्या जागी भक्कम आधार देऊन ठेवता येतो. नंतर टाइलला भोक पाडून बसवलेला दांडा मी स्वतःच्या आईला धरू देणार नाही.

सोसायटीचे नियमही विचारून ठेवा : अनामत किती, काम किती वाजेपर्यंत, दुपारी ठोकाठोक चालते की नाही. दिवसाचे जेमतेम सहा तास मिळत असतील तर महिन्याचे काम दीड महिन्यावर जाते, आणि मजुरांचा रोज आम्हाला द्यावाच लागतो. होळी किंवा छठपूजेला लोक गावी जातात, तेव्हा त्या सुमारास टाइलचे काम धरू नये.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. बाहेरच्या खोलीत आणि दोन्ही बेडरूममध्ये मोझॅकच आहे आणि दरवाजेही सागवानी आहेत, हे मी लिहायलाच हवे होते. समितीकडे चौकशी केली. पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत एकदा निघाला होता, पण त्यापुढे काही झालेले नाही. आता फरशी न बदलता पॉलिश करायची असे ठरवले आहे. उचलीचा प्रश्न मात्र तसाच आहे : दुसरा कंत्राटदार निम्म्या रकमेवर अडून बसला आहे. किती द्यावी, आणि न्हाणीघराचे काम नीट झाले हे आमच्यासारख्यांनी कसे ओळखावे?

उत्तर — ओळंबा

निम्मी रक्कम देऊ नये. दहा ते पंधरा टक्के उचल रास्त आहे. त्याहून अधिक पैसा मालासाठी हवा असे तो म्हणत असेल, तर दुकानदाराचे बिल आपल्या नावावर घेऊन आपण थेट पैसे द्या. पुढचे हप्ते तारखांना न बांधता पूर्ण झालेल्या कामाला बांधावेत : फोडकाम व राडारोडा उचलणे, पाइप व वायरिंग, जलरोधन, टाइल, रंग. शेवटचे दहा टक्के हातात ठेवा आणि ते केव्हा देणार हे करारात लिहा. बिले जपून ठेवावीत. पुढे घर विकल्यास सुधारणेचा भांडवली स्वरूपाचा खर्च भांडवली नफा काढताना विचारात घेता येतो. शिवाय वाद झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचे शुल्क लागत नाही. करार आणि पावत्या नसतील तर मात्र तिथे मांडायला काही उरत नाही, म्हणून प्रत्येक रक्कम बँकेतूनच द्या.

न्हाणीघराची परीक्षा टाइल लावण्यापूर्वी घ्यायची असते. जुना कोबा काढून जलरोधक लेपाचे दोन थर, तेही भिंतीवर किमान फूटभर वर चढवून, द्यावेत; ते वाळल्यावर नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याचे फरशीतले तोंड) ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने घट्ट बुजवावा. मग खोलीत दोन-तीन इंच पाणी भरून भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारावी आणि ४८ तास तसेच ठेवावे. थोडे पाणी हवेने उडते, पण रेघेपासून बोटभर खाली गेले तर कुठेतरी वाट आहे असे समजावे. याच दोन दिवसांत खालच्या सदनिकेचे छत पाहायला विसरू नका. काम सुरू होण्यापूर्वी त्या छताची छायाचित्रे त्यांच्यासमक्ष काढून ठेवली तर फार बरे, कारण जुने डागही पुढे आपल्याच माथी मारले जातात.

टाइल लागल्यावर प्रत्येक टाइलवर नाण्याने हलके ठोकावे. भरीव आवाज हवा. पोकळ वाजली तर खाली माल पूर्ण भरलेला नाही आणि ती टाइल फटींत ग्राउट (सांधे बुजवण्याचे मिश्रण) भरण्यापूर्वीच काढून घ्यावी. शेवटी लांबच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतावे. ते स्वतःहून ट्रॅपकडे गेले पाहिजे. कोपऱ्यात किंवा दाराशी डबके राहिले तर ढाळ चुकला आहे, आणि वयस्क माणसाचा पाय तिथेच घसरतो, म्हणून यात 'चालून जाईल' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

उत्तर — कंत्राटदार

पाणी भरण्याच्या परीक्षेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त ते दोन दिवस वेळापत्रकात आधीच धरा आणि त्या काळात दुसऱ्या न्हाणीघराचे दार मजुरांना बंद करू नका. दोन्ही न्हाणीघरे एकदम फोडायला देऊ नयेत, घरात राहून काम करणार असाल तर मुळीच नाही. आणि शेवटचे दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत ठेवायचे असतील, तर तसे पहिल्याच बैठकीत सांगा. मी ते मान्य करतो, पण दर त्या हिशेबाने देतो.