मीटरचे दिवेही गेले का, ते आधी बघा
चालती बाइक अचानक बंद पडते, या प्रश्नावर वर कुणीतरी कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवेचं मिश्रण देणारा भाग) साफ करून घ्या असं सुचवलंय, पण तो सल्ला इथे लागू पडेल असं वाटत नाही. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी आचके देते, पिकअप सोडते आणि मग मरते. प्रश्न विचारणाऱ्याने लिहिलंय की चालत्या गाडीची कुणी चावी काढून घ्यावी तशी ती बंद पडली, मीटरचे दिवेही गेले आणि थोड्या वेळाने काही दुरुस्ती न करताच पुन्हा चालू झाली. म्हणजे करंट तुटतोय.

माझ्या गाडीला हेच झालं होतं. मेकॅनिकने ठिणगी देणारा प्लग बदलला, त्याला करंट पुरवणारी कॉइल बदलली, फरक शून्य. दोष निघाला हेडलाइटच्या मागे, चावीच्या स्विचमधून येणाऱ्या वायरीत. हँडल वळवून वळवून आतली तांब्याची तार तुटली होती, वरचं आवरण मात्र शाबूत, त्यामुळे नुसतं बघून कळतच नव्हतं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग चावी हलकेच हलवा. न्यूट्रलचा दिवा फडफडला की जागा सापडली. तिथे काही नसेल तर बॅटरीचे नट आणि फ्यूजची पकड तपासा. आणि कृपा करून, दोष सापडेपर्यंत ही गाडी हायवेला काढू नका. ट्रकला ओव्हरटेक करताना बंद पडली तर सावरायला वेळच मिळत नाही.