एजंटांची फौज उभी करायला दर महिन्याला नवं हत्यार कशाला?

जुना_जावावाला
लँगग्राफ, ऑटोजेन, क्रूएआय... एआय एजंटांना (स्वतःहून कामं उरकणाऱ्या प्रोग्रामांना) एकत्र कामाला लावायची ही फ्रेमवर्कं. दरवेळी नवं नाव आणि दरवेळी 'क्रांती'. अहो, टेलिकॉम इटालियाचं 'जेड', म्हणजे एजंटांसाठीचं जावातलं फ्रेमवर्क, २००० सालीच मुक्तस्रोत झालं होतं! त्यात प्रत्येक निरोपावर शिक्का असायचा: ही विनंती, हा प्रस्ताव, हा नकार. स्निफर (निरोपांवर नजर ठेवणारं साधन) उघडला की कोणी कोणाला काय धाडलं ते बाणांसकट समोर. आजचे एजंट गप्पा मारतात आणि आपण लॉग चाळत बसतो. आधी निरोपाचा साचा ठरवा, मग भाषा-मॉडेल जोडा.

रात्रपाळी
साफ असहमत. जेडवर कॉलेजात प्रोजेक्ट केलाय. दोन एजंटांनी पुस्तकाचा भाव ठरवावा म्हणून आधी ऑन्टॉलॉजी (दोघांचा सामायिक शब्दसंग्रह) लिहा, 'पुस्तक' आणि 'किंमत' यांचे जावा क्लास लिहा. त्यात एजंटाला एकच थ्रेड, म्हणजे एका वेळी एकच काम. एका बिहेवियरमध्ये (एजंटाच्या एका कामात) स्लीप, म्हणजे थांबायची आज्ञा, टाकलं की अख्खा एजंट गाढ झोपला.

जुना_जावावाला
स्लीप नव्हे, ब्लॉक लिहायचं असतं, म्हणजे तेवढंच काम थांबतं. (कॉलेजात हे कोणी सांगत नाही.) आणि झोपला तरी बिल येत नव्हतं.

चहा_बिस्किट
बिलावरून आठवलं. आमच्याकडे एक एजंट कोड लिहिणारा, दुसरा तपासणारा. शुक्रवारी संध्याकाळी चालू करून घरी गेलो. तपासणारा म्हणाला, "उत्तम काम, धन्यवाद." लिहिणारा म्हणाला, "तुमचेही आभार, आणखी काही?" सोमवारपर्यंत हेच. टोकनचं (मॉडेलने वाचलेल्या-लिहिलेल्या मजकुराचं) बिल बघून मॅनेजरांनी चहासुद्धा घेतला नाही. फेऱ्यांची मर्यादा घालायची सोय फ्रेमवर्कमध्ये होती, एका ओळीचं काम. आम्हीच घातली नव्हती.

रात्रपाळी
बघा, दोष हत्याराचा नाहीच!

जुना_जावावाला
दोन यंत्रं एकमेकांचे आभार मानतात आणि दोष कोणाचाच नाही, वा! गूगलने एप्रिल २०२५ मध्ये एटूए, म्हणजे एजंटांनी एकमेकांशी बोलायचे नियम, आणलं, त्यातलं 'एजंट कार्ड' बघा. मी कोण, मला काय येतं याची नोंद. आमच्या जेडमधल्या डीएफच्या (एजंटांच्या नोंदवहीच्या) यलो पेजेसमध्ये दुसरं काय होतं?

रात्रपाळी
नोंद होती, कबूल. पण समोरच्याच्या नकाराचं कारण वाचून, "बरं, दहा रुपये कमी करतो" म्हणणारा एजंट तुम्हाला हाताने लिहावा लागायचा. आज तो आयता मिळतो. खरी मेहनत तिथेच वाचते.

चहा_बिस्किट
मी आता मधलं केलंय. शिक्का ठरलेला, आतला मजकूर मोकळा. 'संपलं' आलं की पुढे उत्तर द्यायचंच नाही.

रात्रपाळी
आणि मॉडेलने 'जवळजवळ संपलं' लिहिलं तर?

चहा_बिस्किट
परवा नेमकं तेच लिहिलंय.