मुलगा पेन्सिल मुठीत धरतो, शाळेने ‘मागे आहे’ म्हणून सांगितलं, खरंच काळजी करू का?

ओमूचीआई:
नमस्कार, पोस्ट मोठी होणारे, आधीच सॉरी. मुलगा ३ वर्षं ७ महिन्यांचा, जूनपासून ज्युनिअर केजी सुरू झालं, इंग्लिश मीडियम, पुण्यातच. शनिवारी पीटीएम होती. टीचरनी वही उघडून दाखवली, बाकीच्यांची स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन सगळं भरलेलं आणि आमच्या साहेबांच्या पानावर नुसत्या गोल गोल जिलब्या. पेन्सिल मुठीत धरतो, खलबत्त्यात मिरची कुटायची असल्यासारखी. कातरी धरता येत नाही. टीचर म्हणाल्या, तो क्लासच्या मागे आहे, थेरपीचं बघा. मी तिथे हो हो म्हटलं आणि रिक्षात बसून रडले.

घरी तसा चुणचुणीत आहे हो. बडबड अखंड, गोष्ट अर्धी सांगून सोडली तर पुढची तो सांगतो, तीनचाकी सायकल पळवतो. र ला ल म्हणतो पण बाहेरच्यांनाही कळतं काय म्हणतोय ते. जेवण मात्र अजून मीच भरवते (कबूल!), कपडेही मीच घालते कारण सकाळी ८ ची व्हॅन असते. त्यात अजून एक, तो डावा हात जास्त वापरतो आणि सासूबाई सारखा त्याच्या हातातून चमचा काढून उजव्या हातात देतात. त्याने तर गोंधळ होत नसेल ना? तीन रात्री मोबाईलवर माइलस्टोनच्या, म्हणजे कुठल्या वयात मुलाला काय यायला हवं त्याच्या, याद्या वाचतेय, प्रत्येक यादी वेगळं सांगते.

दोनदिवटे:
आधी सांग, जन्म कुठल्या महिन्यातला?

ओमूचीआई:
डिसेंबर, शेवटचा आठवडा.

दोनदिवटे:
वाटलंच. अगं आपल्याकडे शाळाप्रवेशाच्या वयाला ३१ डिसेंबरची कट-ऑफ आहे ना, म्हणजे त्याच बाकावर जानेवारीत जन्मलेली मुलंही बसलीयेत, ती तुझ्या ओमूपेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठी. या वयात एक वर्ष म्हणजे पाव आयुष्य गं! माझी मोठी जानेवारीची आणि धाकटा नोव्हेंबरचा, मोठीच्या टीचर म्हणायच्या काय हुशार आहे आणि धाकट्याच्या म्हणायच्या लक्ष देत नाही, घर तेच, आई तीच. टीचरना पुढच्या वेळी एवढंच विचार, की याची तुलना वर्गाशी करताय की वयाशी.

हातखंडा:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे हाताची आणि रोजची कामं जमण्यासाठी थेरपी देते, ठाण्यात लहान मुलांसोबतच काम करते. मूल न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून काही गोष्टी बोलता येतील.

पहिलं, याद्या का गोंधळात टाकतात ते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये त्यांची माइलस्टोनची यादी बदलली, आता त्यात साधारण ७५ टक्के किंवा जास्त मुलं ज्या वयापर्यंत ती गोष्ट करतात ते वय दिलंय. जुन्या बऱ्याच याद्यांमध्ये निम्मी मुलं करतात ते वय असायचं, म्हणजे उरलेल्या निम्म्यांच्या आया उगाच जागरणं करणार. त्या नव्या यादीत पेन्सिल किंवा खडू मुठीत न धरता बोटं आणि अंगठ्यात धरणं हे ४ वर्षांच्या रकान्यात आहे. तुमचा अजून ४ चा नाही. स्वतःच्या नावातली काही अक्षरं लिहिणं तर ५ च्या रकान्यात आहे.

दुसरं, हात. मनगटात ८ छोटी हाडं असतात, जन्माला येतो तेव्हा ती सगळी कुर्चाच असते आणि मग वर्षानुवर्षं एकेक हाड तयार होत जातं. या वयाच्या मुलाचा एक्स-रे काढला तर त्यातली तीन-चारच दिसतात. अशा हाताला चार रेघांच्या वहीत ओळीत बसवणं म्हणजे ओल्या भिंतीवर खिळा ठोकणं. आकारांचाही क्रम असतो, आधी उभी-आडवी रेघ, मग ३ च्या आसपास गोल, मग अधिकचं चिन्ह, मग चौकोन, तिरकी रेघ आणि त्रिकोण सगळ्यात शेवटी. ओमूच्या जिलब्या बरोबर त्याच्या वयाच्या आहेत. आपल्या जुन्या बालवाड्यांत अ आ इ ऐवजी ग म भ न ने सुरुवात करायचे ते उगाच नाही, वळणं सोपी.

आता खरी गोष्ट, थोडी टोचेल. तो स्वतःच्या हाताने जेवत नाही, बटण लावत नाही, चप्पल घालत नाही, तर बोटांना काम कुठून मिळणार? पेन्सिलचा सराव पेन्सिलने होत नाही. कणकेचा गोळा द्या, त्याच्या साप-गोळ्या करू दे. लसूण सोलू दे. श्रावणात वाल भिजवून मोड आणाल ना, ते बिरडं सोलायला बसवा, चिमटीत दाबलं की दाणा टुणकन बाहेर येतो, मुलांना वेड लागतं आणि आम्ही क्लिनिकमध्ये हजारो रुपयांच्या खेळण्यांनी जी चिमूट तयार करतो ती फुकट तयार होते. तांदळाच्या पिठाची रांगोळी, तीही चिमटीत. खडू मोडून बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, एवढासा खडू मुठीत धरताच येत नाही, हात आपोआप बरोबर धरतो. भिंतीवर फळा लावा आणि उभं राहून काढू दे, त्याने मनगट नीट वळतं. कातरीने आधी कागदाच्या कडेला नुसत्या खाचा पाडायच्या, रेघेवरून कापणं नंतर. आणि लोंबकळणं, चढणं, रांगत जायचे खेळ, कारण खांदा पक्का नसेल तर बोटं काय करणार.

डावखुरेपणा ही सवय नाही, मेंदूची ठेवण आहे. हात अजिबात बदलवू नका. सासूबाईंना सांगा, ताटात चमचा मधोमध ठेवायचा, तो उचलेल तो हात. फक्त डावखुऱ्या मुलांची कातरी वेगळी मिळते ती आणा, साध्या कातरीने त्याला कापलेलं दिसतच नाही. अर्धा प्रॉब्लेम कदाचित तिथेच असेल.

बिनधास्त_बाबू:
काही करू नका. आमच्या वेळी कुठे होते माइलस्टोन? सगळं आपोआप येतं. शाळावाल्यांचे धंदे आहेत.

लाल्याचेबाबा:
@बिनधास्त_बाबू, दादा, याच वाक्याने आमचं एक वर्ष खाल्लं म्हणून लिहितोय. ओमूच्या आईला घाबरवायचं नाहीये, तिच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे हे मलाही दिसतंय.

आमचा लाल्या अडीच वर्षांचा असताना जेमतेम १५-२० शब्द बोलायचा. आजी म्हणाली मुलगे उशिरा बोलतात, काका म्हणाले मी पण चारला बोललो, आणि ज्या डॉक्टरकडे लसी द्यायचो ते म्हणाले थांबा सहा महिने. सहाचे बारा झाले. हाक मारली की कधी बघायचा कधी नाही, आम्हाला वाटायचं हट्टी आहे. टीव्हीचा आवाज वाढवायचा, सर्दी तर बारा महिने. शेवटी बायकोच हट्टाला पेटली आणि कान तपासले, तर दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलेलं. पोराला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं हो! छोटं ऑपरेशन करून कानात बारीक नळ्या बसवल्या. आठवडाभरात प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकला, त्या दिवशी आम्ही दोघं किचनमध्ये नुसते एकमेकांकडे बघत बसलो. मग स्पीच थेरपी दीड वर्ष. आता दुसरीत आहे, गप्प बस म्हणावं लागतं.

तर माझं म्हणणं एवढंच, की हाताचं-बोटाचं थोडं मागेपुढे चालतं, पण बोलणं आणि ऐकणं यात थांबा आणि बघा करू नका. ३ वर्षांचं मूल बोलतंय ते परक्या माणसाला बरंचसं कळायला हवं. कळत नसेल तर आधी कान. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे फक्त याच विषयाची माणसं आहेत. आणि पैशांमुळे कोणी थांबू नका, सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासते आणि पुढे जिल्हा पातळीवर डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) म्हणून सेंटर असतं, तिथे मोफत होतं. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही.

हातखंडा:
लाल्याच्या बाबांना शंभर टक्के दुजोरा. अजून दोन गोष्टी, ज्यात मी कधीच थांबायला सांगत नाही. एक, आधी येत असलेली गोष्ट मूल विसरलं, म्हणजे बोलायचा तो बोलेनासा झाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. दोन, सारखा पडतो, जिना चढायला त्रास होतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवून उठतो, तर तो आळशी नाहीये, स्नायू तपासायला हवेत.

बालवाडीच्या_बाई:
मी बालवाडीत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला. ओमूच्या आई, तुम्ही रडलात ते वाचून राहवलं नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत, पुढे ते काम कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. साहित्य काय, तर खडे, बिया, पानं, शिंपले. आम्हीही तेच करायचो. चिंचोके मोजायचे, त्यांचे गट करायचे, ओळ लावायची, मुलाला कळतही नसे की आपण गणित करतोय. पाच वर्षांच्या आत मी कुणाच्या हाती पेन्सिल दिली नाही, आणि त्यातली दोन मुलं आज मलाच चष्म्याचा नंबर काढून देतात.

एका पायावर उड्या मारणं आता म्हणे ५ वर्षांच्या यादीत आहे. अहो, ती आपली लंगडी! सोसायटीत चार पोरं गोळा करा आणि रोज अर्धा तास लंगडी घाला. तोल, दम, नियम पाळणं, आऊट झाल्यावर न चिडणं, सगळं त्यात आलं. हे शेवटचं तर कुठल्याही वर्कशीटमध्ये नाही.

भरवणं मात्र थांबवा बाई. सांडेल. पेपर पसरा.

ओमूचीआई:
सगळ्यांना उशिरा रिप्लाय देतेय, तीन आठवडे झाले. टीचरना भेटले, जन्ममहिना सांगितला तर त्यांच्या कधी लक्षातच आला नव्हता, आता त्याला वहीऐवजी पाटी-खडू देतात. तरी मनाची शांती म्हणून पेडियाट्रिशियनना दाखवलं, त्यांनी ठोकळे रचायला लावले, माणूस काढायला सांगितला (डोकं आणि दोन पाय, धड गायब), ४ पूर्ण झाले की परत या म्हणाल्या. कानही तपासून घेतले, नॉर्मल.

डाव्यांची कातरी आली आणि खरंच हो @हातखंडा, पहिल्याच दिवशी पूर्ण पेपर कापला. त्यात लाइट बिल होतं. व्हॅन मात्र दोनदा चुकली कारण शर्टाची बटणं तो लावणार. सासूबाई चमचा मधोमध ठेवतात आणि तोंड फिरवून बसतात, म्हणजे बघावं लागत नाही.

बिरडं सोलायला बसवला होता. अर्धं सोललं, पाव सोफ्याखाली आणि एक नाकात घालायला निघाला होता, म्हणजे शेजारी बसावंच लागतं, हे कोणी लिहिलं नव्हतं बरं का.

बालवाडीच्या_बाई:
गृहीत धरलं होतं हो. आमच्या वर्गात दर वर्षी एक तरी चिंचोका नाकात जायचाच.